‘लुई लुई’ : चुकीसकट गाजलेली तबकडी

‘लुई लुई’ हे मूळ गाणे रिचर्ड बेरी यांचे, 1957 सालचे. घरच्या ओढीने व्याकूळ झालेला जमैकन खलाशी बारवाल्याला आपल्या प्रेयसीबद्दल सांगतो, एवढाच त्याचा विषय. ते घरोघरी पोचवले मात्र अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ‘द किंग्समेन’ या पोरसवदा बँडने. एप्रिल 1963मध्ये गावातल्याच छोट्या स्टुडिओत त्यांनी ते मुद्रित केले. खर्च फार तर 50 डॉलर. मायक्रोफोन उंच टांगलेला, त्यामुळे दातांना तारा लावलेला गायक जॅक एली मान वर करून अक्षरशः ओरडत होता. गिटारचा तुकडा संपल्यावर त्याने कडवे जरा लवकरच उचलले, चूक उमगताच तो थांबला आणि ड्रमवादक लिन ईस्टनने मधली जागा भरून काढली. तबकडीवर हा घोटाळा आजही ऐकू येतो.

शब्द कळेनात, म्हणजे ते अश्लीलच असणार, असा बोभाटा झाला. तक्रारींवरून एफबीआयने दोन वर्षांहून अधिक काळ तपास केला. तबकडी वेगवेगळ्या गतीने फिरवूनही काही हाती लागले नाही. मूळ शब्दांत वावगे काही नव्हतेच.

बिलबोर्ड नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. तीन कॉर्डची ही ओबडधोबड चाल नवशिक्या बँडांचा पहिला धडा ठरली. गॅरेज रॉक आणि पुढे पंकही तिचे देणे लागतात. बेरींनी मात्र लग्नाच्या खर्चासाठी गाण्याचे हक्क 750 डॉलरना विकले होते. ते त्यांना 1980च्या दशकात परत मिळाले.