चाकाचा तोल आणि टायरांतील सुटे मणी

ऊंसतोडणीचे दिवस आले म्हणजे नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर विष्णुपुरीच्या आसपास ट्रक व ट्रॅक्टर यांची रीघ लागते. गोदावरीचें पाणी उपसा योजनेनें वर चढलें आणि ज्या रानांत पूर्वीं ज्वारी व कापूस यांवरच भिस्त असे, त्यांपैकीं कित्येक रानांत ऊंस व केळी उभीं राहिलीं. माल वाढला तशीं वाहनेंही वाढलीं, व पुष्कळ बागाइतदार आतां स्वतःचा ट्रक बाळगतात. बैलगाडीच्या चाकाची परीक्षा आपणांस वडीलधाऱ्यांनीं शिकविली; ह्या रबरी चाकाची परीक्षा मात्र आपली आपणच शिकली पाहिजे.

आमच्या परिचयाचे एक बागाइतदार ह्याच भागांतले. त्यांचा ट्रक ताशीं ५० किलोमीटरच्या पुढें गेला कीं पुढचें चाक थरथरे आणि स्टिअरिंग चालकाच्या हातांत नाचूं लागे. टायर एकाच बाजूनें झिजले ते वेगळेंच. कोणीं सांगितलें कीं, टायरांत बारीक मणी सोडा, चाक आपोआप तोलांत येईल. मणी घालावे कीं नाहीं, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. हा प्रश्न अनेकांचा असल्यामुळें त्याचें उत्तर येथें सविस्तर देत आहों.

प्रथम तोल म्हणजे काय तें पाहूं. कुंभाराच्या चाकावर मातीचा गोळा मध्य सोडून बसला तर चाक डुगडुगतें. टायराचेंही तसेंच आहे. त्याच्या एका भागांत रबर किंचित् अधिक असलें तर तो भाग फिरतांना चाकास आपल्याकडे ओढतो. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, म्हणजे वेग तिप्पट झाला तर ओढ नऊपट होते. सुमारें एक मीटर व्यासाच्या ट्रकच्या चाकावर कडेस २०० ग्रॅम वजन जास्त आहे असें धरा. ताशीं २० किलोमीटर वेगास त्याची ओढ सव्वा किलोच्या आंतबाहेर असते, तर ६० किलोमीटरला ती ११ किलोंच्या घरांत जाते. आणि हा धक्का दर सेकंदास पांचांहून अधिक वेळां आंसावर बसतो. शेतरस्त्यानें सावकाश जाणाऱ्या ट्रॅक्टरला जो दोष जाणवतही नाहीं, तोच दोष हमरस्त्यावरील ट्रकला कां भोंवतो, तें ह्यावरून कळेल.

मोटारीचें लहान चाक यंत्रावर चढवून, हलक्या बाजूस वजनाचा तुकडा लावून तोलतां येतें. परंतु खाणींतील व बांधकामावरील मोठ्या ट्रकांचीं अवजड चाकें अशा यंत्रावर चढविणें कठीण. मराठवाड्यांतच वाळूज येथें बाळकृष्ण इंडस्ट्रीज ही कंपनी शेतीच्या व खाणींच्या वाहनांचे टायर बनविते. ते ज्यांनीं पाहिले असतील त्यांस ही अडचण सहज समजेल. ह्यावर उपाय म्हणून कांचेचे, चिनी मातीचे किंवा प्लास्टिकचे गोल मणी टायराच्या पोटांत मोकळे सोडण्याची रीत निघाली. ट्रकच्या एका चाकास ते साधारणतः पाव किलो वा थोडे अधिक लागतात. चाक ताशीं सुमारें ८ किलोमीटरच्या वर फिरूं लागलें कीं मणी खालीं न पडतां टायराच्या आंतल्या अंगास चिकटून फिरतात.

परंतु हे मणी नेमके हलक्या बाजूस कां जावे? खरें मर्म येथेंच आहे. सुटे मणी फिरण्याच्या मध्यापासून जो भाग अधिक दूर असेल तिकडे सरकतात. आतां, झोंपाळ्यास जशी आपली एक लय असते, तशी कमानींवर व टायरांवर बसलेल्या आंसासही असते. चाक त्या लयीहून मंद फिरत असतां जड बाजूच बाहेर फेंकली जाते, आणि मणीही तिकडेच धांवून दोष वाढवितात. चाक लयीहून जलद फिरूं लागलें म्हणजे उलट होतें. जड बाजू आंत येते, हलकी बाहेर जाते, आणि मणी हलक्या बाजूस जाऊन तोल साधतात. कपडे धुण्याच्या कित्येक यंत्रांत डब्याच्या वरच्या कडेस मिठाच्या पाण्याचें कडें असतें, तें ह्याच तत्त्वावर चालतें. पिळण्याच्या आरंभीं डबा हादरतो आणि वेग वाढतांच शांत होतो, हें घरोघर पाहावयास मिळतें.

ट्रकची गोष्ट इतकी सरळ नाहीं. त्याच्या सांगाड्याचें सावकाश डोलणें सेकंदास दोनतीन वेळांचें, तर आंसाची स्वतःची उसळी सेकंदास सुमारें दहा वेळांची असते. हमरस्त्यावर चाक पहिली लय ओलांडतें, दुसरी नाहीं. म्हणूनच मण्यांविषयीं चालकांचीं मतें दुभंगलेलीं आढळतात. कोणी त्यांची स्तुति करतो, कोणास कांहींच फरक दिसत नाहीं. ट्रॅक्टरच्या चाकांस व उंसाच्या ट्रॉलीस तर, वेगच अल्प असल्यामुळें, मण्यांवर खर्च करणें आम्हांस व्यर्थ वाटतें. पकड वाढविण्यासाठीं ट्रॅक्टरच्या मागील टायरांत पाणी भरलें असल्यास तेथें मण्यांचा प्रश्नच उरत नाहीं. टायराच्या आंत ओल असली तर मण्यांचे गोळे होतात, आणि हवेच्या तोंडांत मणी अडकला तर हवा गळते, हेंही ध्यानांत ठेवावें.

आतां आमच्या मित्राच्या ट्रकाकडे वळूं. आम्ही त्यांस मणी घेऊं दिले नाहींत. आधीं चाक धुवावयास सांगितलें. रिंगेच्या आंतल्या बाजूस आपल्या काळ्या रानाची चिकण माती वाळून दगड झाली होती. ती ओंजळभर निघाली. किंगपिनही ढिली होती, ती बदलली. थरथर बहुतेक तेवढ्यानेंच गेली.

तेव्हां क्रम असा असावा. चाक आंतून बाहेरून धुवावें. जोडचाकांत अडकलेले दगड काढावे. हवेचा दाब पाहावा. रिंग वांकली आहे काय व टायर तिच्यावर सर्वत्र सारखा बसला आहे काय, हें तपासावें. बेअरिंग व किंगपिन यांचा ढिलेपणा पाहावा. मग मागील चाकांस ठोकळे लावून पुढचें चाक जॅकवर उचलावें व हातानें हलकेंच फिरवावें. तोच भाग पुनःपुनः खालीं येऊन थांबला तर तो जड समजावा, आणि समोरच्या बाजूस वजन लावून घ्यावें. एवढें करूनही लांब पल्ल्याच्या ट्रकास थरथर राहिली, तरच मण्यांचा प्रयोग करून पाहावा.

एक इशारा मात्र अवश्य देतों. टाळ्याची रिंग असलेलें चाक खोलण्यापूर्वीं त्यांतील हवा पूर्णपणें सोडावी. दाबाखालील रिंग उडून माणूस जागच्या जागीं मरतो. तोल साधावयाचा तो गाडीचा. त्यासाठीं घरच्या माणसाचा जीव तराजूंत घालूं नये.

विष्णुपुरीस १९८१ सालीं श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था स्थापन झाली. यंत्रशास्त्राचे जाणते आपल्या दाराशींच आहेत. शंका आल्यास त्यांचे पायरीस जाण्यांत कमीपणा कसला? विकत घेतलेल्या उपायाहून ओळखलेलें कारण नेहमींच स्वस्त पडतें.