विश्लेषण : लोकलचे प्रवासी मोजताना अंतर का विसरू नये?

मुंबईची उपनगरी रेल्वे रोज साधारण 75 लाख प्रवासी वाहून नेते. नव्या गाड्या, नव्या मार्गिकांच्या घोषणांत हाच आकडा पुढे केला जातो. पण परळहून सीएसएमटीला जाणारा आणि बदलापूरहून 68 किलोमीटर लोंबकळत येणारा, दोघेही या हिशेबात एकेकच ‘प्रवासी’ ठरतात. गर्दीचे खरे कोडे तिथेच आहे.

वस्ती कुठे सरकली?

2001 ते 2011 या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर आली. त्याच काळात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेली. गिरण्या गेल्या, घरांचे भाव आवाक्याबाहेर गेले आणि माणसे डोंबिवली, अंबरनाथ, विरारकडे सरकली. नोकऱ्या मात्र बहुतांशी मुंबईतच राहिल्या. कल्याणला अडवलेली जागा आता दादरपर्यंत सुटत नाही. त्यामुळे प्रवासीसंख्या तितकीच राहिली तरी गाडी अधिक भरते. मुलुंडला दोन गाड्या सोडून तिसरीत शिरणाऱ्याची नोंद तर कोणत्याच तक्त्यात होत नाही. त्याचा पास आधीच विकला गेलेला असतो.

डबे वाढवून भागेल?

12ऐवजी 15 डबे केले तर क्षमता 25 टक्के वाढते. पश्चिम रेल्वेवर अशी गाडी 2009 पासून, मध्य रेल्वेवर 2012 पासून धावते. पण त्यासाठी फलाट लांब हवेत आणि फेऱ्या वाढवायच्या तर रूळ मोकळे हवेत. कल्याणपुढे मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि लोकल यांची वाट एकच आहे. ठाणे-दिवा ही जेमतेम नऊ-दहा किलोमीटरची पाचवी-सहावी मार्गिका एमयूटीपी-2 मधली. ती पूर्ण व्हायला फेब्रुवारी 2022 उजाडले. कुर्ला-सीएसएमटी टप्पा अजून अपुराच आहे. तेवढ्या काळात नव्या वसाहतींतली मुले शाळा संपवून नोकरीला लागली.

दरवाजे बंद केले तर?

9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर बिगरवातानुकूलित गाड्यांनाही स्वयंचलित दरवाजे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. ते हवेतच. मात्र दारात लटकणाऱ्यांना आत जागा द्यायची तर फेऱ्या वाढवाव्या लागतील.

पुढची तयारी किती?

2019 मध्ये मंजूर झालेल्या 33,690 कोटींच्या एमयूटीपी-3अ मध्ये कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आणि दोन गाड्यांतील अंतर कमी करणारी सीबीटीसी सिग्नल यंत्रणा आहे. त्याहून महत्त्वाचा, पण दुर्लक्षित उपाय म्हणजे सगळा लोंढा दक्षिण मुंबईकडे न वळवणे. कल्याणकरांना ठाण्यात न उतरता थेट नवी मुंबईला नेणारा ऐरोली-कळवा उन्नत मार्ग त्यासाठीच आखला गेला. त्यातले दिघा गाव स्थानक जानेवारी 2024 मध्ये सुरू झाले. कळव्याकडचा मार्ग मात्र झोपड्यांच्या पुनर्वसनात अडकला आहे.