एकट्या बदकाला सोबत कुणाची?

केरळात कुट्टनाडला भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांत बदकांचे कळप सोडतात. शेकडो, कधी हजारो बदकं आणि त्यांना हाकायला लांब काठ्या घेतलेली दोन-तीन माणसं. एवढी थोडी माणसं पुरतात, कारण बदक आपणहून कळप सोडत नाही. पुढचं वळलं की मागची सगळी वळतात. बंगाल, आसाम, केरळ या पाणथळ मुलखांत बदकपालन म्हणजे असं कळपाचंच काम असतं.

आपल्याकडे मात्र बदक घरात येतं ते बहुधा हौसेपोटी. खुराडं असतं कोंबड्यांचं. आठवडी बाजारात पिवळीधमक पिल्लं दिसतात, मुलं हट्ट धरतात आणि एक जोडी घरी येते. पुढे त्यांतलं एक मुंगूस नाहीतर भटकं कुत्रं उचलून नेतं. मागे राहिलेलं बदक अंगणभर ओरडत फिरतं, खाणं अर्धवट टाकतं, दाराशी येऊन बसतं. मग शेजारीपाजारी सल्ले देऊ लागतात. त्यांतले बरेचसे सल्ले मनापासून दिलेले असतात, पण चुकीचे असतात. त्याचा त्रास त्या मुक्या जिवाला होतो, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

“खुराड्यात दहा कोंबड्या आहेत, मग बदक एकटं कसं?”

हा सगळ्यांत पसरलेला समज. दिवसा पाहिलं तर तो खराही वाटतो. बदक कोंबड्यांच्या मागे मागे फिरतं, त्यांच्याबरोबर दाणे टिपतं, भांडण फारसं करत नाही. खरी गोष्ट कळते ती दिवेलागणीला. अंधार पडू लागला की कोंबड्या उडी मारून दांडीवर चढतात आणि एकमेकींना खेटून बसतात. बदकाला दांडी धरता येत नाही. त्याचे पाय पाणी कापण्यासाठी घडलेले, ते जमिनीवरच झोपतं. म्हणजे दहा कोंबड्यांच्या खुराड्यातही ते रात्रभर खाली एकटंच असतं.

ही रात्र त्याला किती जड जाते, याचा अंदाज एका प्रयोगावरून येतो. 1999 मध्ये नील्स रॅटनबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मॅलार्ड बदकांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपली बहुतेक पाळीव बदकं याच मॅलार्डची वंशज आहेत. बदकाला मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून, एक डोळा उघडा ठेवून झोपता येतं. संशोधकांनी बदकं एका रांगेत झोपवली. मधल्या बदकांपेक्षा कडेच्या बदकांची ही अर्धी जागी झोप सुमारे अडीच पट भरली, आणि त्यांचा उघडा डोळा बहुतेक वेळ कळपाच्या उलट दिशेला, म्हणजे जिकडून धोका येईल तिकडे होता. मधल्या बदकांना दोन्ही डोळे मिटता येतात, कारण दोन्ही बाजूंना कुणीतरी असतं. एकटं बदक कायमच कडेला असतं, त्याला मध्य मिळत नाही. माझ्या मते बदकाला बदकाचीच सोबत हवी, हे पटायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

बाकीच्या अडचणी रोजच्या आहेत. बदक खाताना सारखं पाण्यात चोच बुडवतं, पाणी उडवतं, त्यामुळे खुराड्यातलं तूस ओलं होतं. ओल्या तुसात कोंबड्यांना रक्ती हगवणीचा रोग जडतो. बदकाला मात्र पाणी हवंच. पोहायला तळं नसलं तरी चालेल, पण नाकपुड्या आणि डोळे धुता येतील इतकं डोकं बुडवता आलं पाहिजे. घमेलंभर पाण्यानेही ते भागतं. खाण्यातही फरक आहे. वाढीच्या वयात बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. किलोभर खाद्यात साधारण 55 मिलिग्रॅम असावं, असं धरतात. नुसत्या कोंबडीखाद्यावर वाढलेल्या पिल्लाचे पाय वाकतात आणि घरचे समजतात की ते जन्मतःच अधू आहे.

उरलेलं बदक नर असेल तर कोंबड्यांना धोकाही आहे. कोंबड्याला शिश्न नसतं, बदकाच्या नराला असतं आणि ते लांब व पिळदार असतं. मादी बदकाचं शरीर त्याला जुळेल असं घडलेलं आहे, कोंबडीचं नाही. माजावर आलेल्या नराने कोंबडीवर झडप घातली तर तिला आतून जखम होते आणि त्यात ती दगावूही शकते. असा नर कोंबड्यांपासून वेगळाच ठेवावा.

“कोंबडीने वाढवलंय, ते स्वतःला कोंबडीच समजतं”

खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची रीत आपल्या गावागावांत आहे. कोंबडीची अंडी 21 दिवसांत फुटतात, बदकाची 28 दिवसांत. कोंबडी तो आठवडाही चिकाटीने काढते. पुढे पिल्लं डबक्यात उतरतात आणि ती काठावर कावरीबावरी होऊन ओरडत राहते. पिल्लं पहिल्या दिवशी जे हलताना बघतात त्याच्या मागे लागतात, ही गोष्ट प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोन्राड लॉरेन्झ यांच्यामुळे जगभर माहीत झाली. त्यांना 1973 चं नोबेल मिळालं. मानसशास्त्रज्ञ एकहार्ड हेस यांच्या प्रयोगांत मॅलार्डच्या पिल्लांवर पहिल्यांदा पाहिलेल्याचा हा ठसा सर्वांत पक्का उमटला तो अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण 13 ते 16 तासांनी.

पण आईचा हा ठसा म्हणजे जन्मभराची ओळख नव्हे. कोंबडीमागे फिरलेलं पिल्लूही पाणी दिसताच त्यात शिरतं आणि बदकासारखं चिखल चाळतं. दुसरं बदक आणल्यावर अशी मादी काही दिवस बिचकते, मग हळूहळू त्याच्या बाजूला सरकते. नराच्या बाबतीत जास्त धीर धरावा लागतो. जोडीदार कसा दिसतो याची कल्पना नर लहानपणी बघितलेल्या पक्ष्यांवरून बांधतो, त्यामुळे कोंबड्यांत वाढलेला नर कोंबड्यांच्याच मागे लागण्याची शक्यता जास्त असते.

“बदकांची जोडी जन्माची. एक गेलं की दुसरं दुसऱ्याला स्वीकारत नाही”

या समजामागे चक्रवाकाची सावली आहे. रात्री नदीच्या दोन तीरांवर विरहात ओरडणारी चक्रवाकाची जोडी आपल्या काव्यात शतकानुशतकं आहे. हिवाळ्यात उजनी-जायकवाडीच्या पाण्यावर दिसणारा, नारिंगी-तपकिरी रंगाचा तो पक्षी खरोखरच जोडीने राहतो. परसातलं बदक त्याच्यापेक्षा वेगळं. मॅलार्डची जोडी एका हंगामापुरती असते. मादी अंड्यांवर बसली की नर तिला सोडून जातो. पाळीव बदकांत तर एक नर अनेक माद्यांबरोबर असतो. म्हणून मागे राहिलेल्या बदकाने नवा सोबती नाकारलाच पाहिजे असं काही नाही. बहुतेक बदकं थोड्या दिवसांत रुळतात.

याचा अर्थ बदकाला गेलेल्याचं काही वाटत नाही असाही नव्हे. हा उलटा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. अमेरिकेत ‘फार्म सँक्च्युअरी’ या प्राण्यांच्या आश्रयस्थानाने 2006 मध्ये फॉय ग्रा या पदार्थासाठी लिव्हर फुगवलेली बदकं सोडवून आणली होती. त्यांतली हार्पर आणि कोल ही दोन चार वर्षं एकमेकांना सोडून राहिली नाहीत. कोलचे पाय निकामी झाल्यावर त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. हार्परला ते जवळून बघू दिलं. तो मेलेल्या कोलच्या मानेवर आपली मान टाकून कितीतरी वेळ पडून राहिला. पुढे त्याने दुसऱ्या बदकांशी जवळीक केली नाही आणि दोन महिन्यांत तोही गेला. मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा किंग यांनी प्राण्यांच्या शोकावरच्या आपल्या पुस्तकात ही हकिकत नोंदवली आहे. सगळीच बदकं हार्परसारखी नसतात. पण ‘पक्षी आहे, चार दिवसांत विसरेल’ असं म्हणून दार लावून घेणाऱ्यांनी ही हकिकत लक्षात ठेवावी.

“मादी आहे ना? मग एक नर आणून द्या”

सगळ्यांत जास्त नुकसान हा सल्ला करतो. एक मादी आणि एक नर म्हणजे त्या नराचा सगळा जोर एकाच मादीवर. तिच्या मानेची आणि पाठीची पिसं उपटली जातात, कातडी सोलवटते, ती पाण्यात उतरायला घाबरते. एका नरामागे निदान चार-पाच माद्या असाव्यात. एकट्या मादीला दुसरी मादीच सोबत म्हणून उत्तम, दोन मिळाल्या तर आणखी चांगलं. एकटा नर असेल तर त्याला चार-पाच माद्या तरी आणाव्यात, नाहीतर दुसरा नर आणावा. मादी नजरेसमोर नसेल तर नर-नर सुखाने एकत्र राहतात.

नर नसला की मादी अंडी देत नाही, हेही खोटं. अंडी ती देतेच, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. खाकी कॅम्पबेल जातीची मादी नराशिवायही वर्षाला 300 च्या आसपास अंडी घालते.

बाजारात नर-मादी ओळखताना फसगत होते. इवल्या पिल्लांत फरक दिसत नाही. दीड-दोन महिन्यांनी आवाज सांगतो. खणखणीत ‘क्वॅक’ करते ती मादी. नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो. मोठा झाल्यावर नराच्या शेपटीवर वर वळलेली एक-दोन कुरळी पिसं येतात. म्हणून सोबतीसाठी पिल्लं न आणता वाढलेलं बदक आणावं. मोठं बदक परक्या पिल्लांना चोचीने मारतं आणि पिल्लांना पिसं फुटेपर्यंत बल्बची ऊब लागते. म्हणजे ती आणूनही पहिले काही आठवडे वेगळीच ठेवावी लागतात.

“आरसा लावा, रमेल”

आरशापुढे बदक थोडा वेळ शांत होतं, पण आरशातलं बदक उत्तर देत नाही आणि रात्री खेटून झोपत नाही. माणसाची सोबतही अशीच अपुरी. तुमच्या मागे मागे फिरणारं बदक तुमच्यावर जीव लावतं हे खरं. पण तुम्ही कामाला जाता, रात्री दार लावून झोपता.

“तळ्यात सोडा, तिथे त्याला भावंडं मिळतील”

ही दया नव्हे. पांढरं पेकिन बदक अंगाने जड असतं, त्याला उडता येत नाही आणि त्याचा रंग दुरूनही लपत नाही. तळ्याकाठची कुत्री त्याला काही दिवसांतच मारतात. शिवाय पाळीव बदकातून रानबदकांत रोग जातात, तिकडून इकडेही येतात. याच्या उलट, तळ्यावरून हळदी-कुंकू बदक किंवा अडई अशी रानबदकं पकडून आणून जोडीला ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे.

“नवं बदक आणलं, खुराड्यात सोडलं, झालं”

बर्ड फ्लूची भारतातली पहिली साथ फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला उघडकीस आली. बदकाच्या अंगात हा विषाणू असूनही ते धडधाकट दिसू शकतं, आणि त्याच्यामुळे कोंबड्या मात्र पटापट मरतात. त्यामुळे नव्या बदकाला तीन ते चार आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत ठेवायचं. त्याला हात लावल्यावर हात आणि चपला धुतल्याशिवाय जुन्याकडे जायचं नाही. परिसरात साथीचे निर्बंध असतील तर त्या काळात नवा पक्षी आणूच नये. डक प्लेगची लस दिली आहे का, हे विकणाऱ्याला आधी विचारावं.

मग मध्ये जाळी घालून दोघांना शेजारी शेजारी ठेवावं. एकमेकांना बघतील, ऐकतील, पण चोच पोहोचणार नाही. आठवडाभराने दोघांनाही एखाद्या तिसऱ्याच जागेत सोडावं, म्हणजे कुणाचीच हद्द नसते. खाण्याची आणि पाण्याची भांडी दोन ठेवावीत. थोडा पाठलाग, थोडी पिसं ओढणं होईल, त्यात पडू नये. रक्त दिसलं किंवा एकाने दुसऱ्याला पाण्यात दाबून धरलं तर मात्र लगेच वेगळं करावं.

या सगळ्याआधी एक तपासणी कराच. कोपऱ्यात बसलेलं प्रत्येक बदक सोबतीवाचून बसलेलं नसतं. तळपायाला गळू झालं असेल, मान लुळी पडली असेल, अंडं अडकलं असेल, तरी ते असंच दूर जाऊन बसतं. पिसं झडण्याच्या दिवसांत आणि खुडूक झालेली असतानाही मादी एकटी राहते. आधी पाय, मान, विष्ठा बघा, शंका आली तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. बदक ठणठणीत आहे आणि तरी ओरडतंय असं दिसलं, तर याच आठवड्यात दुसऱ्या बदकाच्या शोधाला लागा. आणि यंदा मुलांसाठी बाजारातून पिल्लं आणणार असाल तर दोन न आणता तीन आणा, म्हणजे एक गेलं तरी मागे जोडी राहील.