सुषिर आणि ठिसूळ : पुरुषांच्या अस्थिविकारातील एक अर्थभेद

मालाडमधील एखाद्या निदानकेंद्रात प्रौढ पुरुषाची अस्थिघनता मोजली, की त्याच्या हाती 'टी-स्कोअर' हा आकडा येतो. निरोगी तरुण वयातील सरासरीहून घनता किती उणी आहे, हे तो दर्शवितो. हा आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास विकारास 'ऑस्टिओपोरोसिस' म्हणतात. मराठीत या संज्ञेसाठी 'अस्थिसुषिरता' हा पारिभाषिक शब्द आहे. व्यवहारात मात्र 'हाडे ठिसूळ होणे' असेच म्हटले जाते. हे दोन प्रयोग समानार्थी मानले जातात. वस्तुतः ते तसे नाहीत. सुषिर म्हणजे सच्छिद्र, पोकळ. तो शब्द रचना सांगतो. ठिसूळ म्हणजे सहज मोडणारे. तो शब्द परिणाम सांगतो.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांची अस्थिघनता घटते. या संप्रेरकाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो आणि पुरुषाच्या हाडांचे रक्षण बव्हंशी त्या रूपाने होते. तेव्हा उणे संप्रेरक बाहेरून पुरविल्यास हाड सुधारेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीने तिला दुजोराही दिला : वर्षभराच्या उपचारानंतर ६५ वर्षांवरील पुरुषांच्या मणक्यांतील जाळीदार हाडाची घनता सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. सुषिरता घटली, हे सिद्ध झाले.

ठिसूळपणाचे काय? ४५ ते ८० वयाच्या, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या ५,२०४ पुरुषांच्या चाचणीचे अस्थिभंगविषयक निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी ३.५० टक्क्यांना, तर निष्क्रिय लेप लावणाऱ्यांपैकी २.४६ टक्क्यांना अस्थिभंग झाला. उपचाराने अस्थिभंग कमी तर झाले नाहीतच, उलट अधिक आढळले. याचे कारण निश्चित झालेले नाही. उत्साह वाढल्याने हालचाल व पर्यायाने आघात वाढले असावेत, असा एक तर्क आहे. अस्थिभंग केवळ हाडाच्या घनतेवर नव्हे, तर पडण्यावरही अवलंबून असतो, हे येथे विसरता येत नाही.

यावरून टेस्टोस्टेरॉनचा उपचार सर्वथा त्याज्य ठरत नाही. ज्यांच्यात त्याची खरी उणीव आहे, त्यांना तो अन्य कारणांसाठी आवश्यक असू शकतो. मात्र अस्थिभंगाचा धोका मोठा असल्यास केवळ त्यावर विसंबून न राहता हाडांसाठीची स्वतंत्र औषधे द्यावी लागतात. वैद्य 'घनता वाढली' असे सांगतो आणि रुग्ण 'ठिसूळपणा गेला' असे समजतो. या दोन वाक्यांमधील अंतर रुग्णास स्पष्ट करून सांगणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.