बसचा गल्ला आणि बसची कमाई

तुम्ही बसने तालुक्याला जाता. तिकीट काढता. खिडकीपाशी जागा मिळाली तर बरे वाटते. बस उशिरा आली तर रागावता, आणि ते बरोबरच आहे. पण तुमच्या तिकिटाचा रुपया पुढे कुठे जातो? बसवाल्याच्या हाती त्यातले काय उरते? आज तेच सांगणार आहोत.

आम्ही दोघे भाऊ. गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. आमच्या दोन बस आहेत, एक मोठी आणि एक लहान. दोन्ही आमच्या भागातून म्हापशाला जातात आणि परत येतात. कंपनी म्हटले की लोकांना मोठी कचेरी आठवते. आमची कचेरी म्हणजे पडवीतले एक टेबल, एक वही आणि चार पत्र्याचे डबे. या डब्यांविषयी पुढे सांगू.

महाराष्ट्रातल्या वाचकाला नवल वाटेल. तो म्हणेल, गावची बस म्हणजे एस. टी. तिथे खाजगी मालक कुठून आला? महाराष्ट्रातही पूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी सरकारी एस. टी. पहिल्यांदा धावली. मग हळूहळू गावोगावचे रस्ते एस. टी.कडे गेले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तो १९६१ साली मुक्त झाला. तिथे सरकारचे कदंब महामंडळ निघाले ते १९८० साली. तोवर खाजगी बसवालेच लोकांना नेत-आणत होते. आजही गोव्यात दोन्ही बस चालतात, कदंबच्या आणि आमच्यासारख्यांच्या.

आमची पहिली फेरी सकाळी सहाला सुटते. ड्रायव्हर सव्वापाचला येतो. तो आधी रेडिएटरमधले पाणी बघतो, मग इंजिनाचे ऑइल. नंतर पान्याने एकेका टायरवर ठोकतो. हवा भरलेला टायर टणक वाजतो, हवा गेलेला बद्द वाजतो. मग इंजिन सुरू करून तो काही वेळ नुसता थांबतो. घाईचा उतारू आत बसून म्हणतो, "अहो, चला की!" पण मोठ्या बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. टाकीत पुरती हवा भरली नाही, काटा वर चढला नाही, तर ब्रेक नीट लागत नाही. म्हणून ती पाच मिनिटे थांबावेच लागते.

आता गल्ल्याकडे येऊ. रात्री कंडक्टर पैशांची पिशवी टेबलावर ठेवतो. नोटा, नाणी, कधी मोबाइलवर आलेले पैसे. समजा, एका बसचा दिवसाचा गल्ला ६००० रुपये झाला. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. बस दिवसाला १५० किलोमीटर धावली. एका लिटरला ५ किलोमीटर धरले तर ३० लिटर डिझेल लागले. ९० रुपये लिटरने २७०० रुपये गेले. ड्रायव्हर आणि कंडक्टर यांचे मिळून १६०० रुपये. राहिले १७०० रुपये.

नवा बसवाला हे १७०० रुपये खिशात घालतो आणि म्हणतो, धंदा छान आहे! इथेच पाय घसरतो. हे पैसे अजून त्याचे झालेले नाहीत.

टायरचेच बघा. बसला सहा टायर. समजा, सहा टायरांना १,२०,००० रुपये पडले आणि ते ६०,००० किलोमीटर चालले. म्हणजे बस एक किलोमीटर धावली की २ रुपयांचा टायर झिजतो. १५० किलोमीटरला ३०० रुपयांचा टायर रस्त्यावर राहिला. तो डोळ्यांना दिसत नाही, पण गेलेला असतो. तसाच विमा, कर आणि पासिंग. त्याला वर्षाला १,०८,००० रुपये लागले आणि बस ३०० दिवस चालली, तर दिवसाला ३६० रुपये पडतात. ब्रेकचे लायनर, पाटे, गॅरेजची मजुरी यांना आणखी ३००. आता १७०० मधून हे ९६० रुपये काढा. उरले ७४०. बँकेचा हप्ता असेल तर तो यातूनच जायचा. घरही यातूनच चालायचे.

आमचे चार डबे यासाठीच आहेत. एक टायरचा, एक विमा-कराचा, एक दुरुस्तीचा आणि एक हप्त्याचा. रोज रात्री आधी डबे भरायचे. महिनाअखेर ते पैसे बँकेत जातात. टायरच्या डब्याला घरातले लग्न असले तरी हात लावायचा नाही, असा आमच्या आईचा दंडक आहे. डबा रिकामा असला की मालक झिजलेला टायर आणखी महिनाभर ओढतो. पावसात घाटातल्या वळणावर तो टायर घसरला तर आत चाळीस माणसे असतात.

दुसरी गोष्ट पगाराची. काही मालक ड्रायव्हर-कंडक्टरला गल्ल्यावर टक्केवारी देतात. जास्त उतारू, जास्त पैसे. ऐकायला हे बरे वाटते. पण मागून दुसऱ्या मालकाची बस येत असते. पुढच्या थांब्यावरची माणसे कोण उचलणार? मग शर्यत लागते. म्हातारी पायरीवर असतानाच घंटी वाजते. आम्ही ठरलेला पगार देतो. एखादे दिवशी थोडा गल्ला कमी येतो, हे खरे. पण शर्यत लावायची आणि वर ड्रायव्हरला दोष द्यायचा, हे आम्हांला पटत नाही.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. त्या दिवशी टोपल्या, केळीचे घड, मिरच्यांची पोती, सगळे बसमध्ये येते. त्या एका दिवसावर आठवड्यातले दोन मंद दिवस निभावतात.

आणि शेवटची फेरी. ती संध्याकाळी साडेसातला म्हापशाहून सुटते. कधी आठ माणसे, कधी नऊ. डिझेलही सुटत नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, ही फेरी बंद करू या." मग आम्ही वही काढून बसलो. त्या फेरीला कोण असते? कापडाच्या दुकानातल्या मुली, दवाखान्यात काम करणारी एक बाई, दोन गवंडी. हीच माणसे सकाळी सहाच्या बसने जातात. एक म्हातारी तर कंडक्टरला म्हणाली होती, "पुता, रात्रीची बस नसली तर सकाळी जाऊन मी काय करू?" परतीची सोय गेली की माणूस सकाळीही येत नाही. तो कर्ज काढून स्कूटर घेतो. म्हणून सकाळची फेरी आणि रात्रीची फेरी यांचा हिशेब एकत्र धरावा लागतो. ती फेरी अजून चालू आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत बस उभ्या राहिल्या. गल्ला शून्य झाला. पण उभी बसही खाते हो! बॅटरी उतरते, म्हणून अधूनमधून इंजिन चालवावे लागते. विम्याचे दिवस तसेच सरतात. पुढे बस सुरू झाल्या तेव्हा आमचे काही रोजचे उतारू परत आलेच नाहीत. त्यांच्या दारात स्कूटर उभी होती. तेव्हा डब्यांतल्या पैशांवर दिवस निघाले.

आमची मोठी बस आता जुनी झाली आहे. आठ वर्षांवरच्या बसला दर वर्षी पासिंग करावे लागते. त्याआधी आठ दिवस ती गॅरेजात असते. ब्रेक उघडतात, पत्रा ठोकतात, रंग लावतात. त्या आठवड्यात सहाच्या फेरीला लहान बस येते. गर्दी होते, उभे राहावे लागते, माणसे कुरकुरतात. कंडक्टर दारात उभा राहून सांगतो, "मोठी गाडी पासिंगला गेली आहे. सोमवारी येईल. जरा आत सरका."