न सरकलेल्या जमिनीचा हिशेब

हॉलिस्टरच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या पायीच फिराव्यात. कॅलिफोर्नियातलं हे शेतीवाडीचं गाव, सॅन होजेच्या दक्षिणेला. फूटपाथची काँक्रीटची कड सरळ चाललेली असते आणि मध्येच अंग मुरडते. थोडी तिरकी होते, मग पुन्हा सरळ जाते, पण आता वीतभर बाजूने. जवळच एका बागेची बुटकी भिंत कलून वाकली आहे. तिच्या भेगा वेगवेगळ्या वेळी बुजवलेल्या दिसतात, कारण सिमेंटचा रंग दर ठिकाणी वेगळा आहे. खाली गावाच्या पोटातून कॅलव्हेरस भ्रंश जातो आणि ही सगळी त्याचीच करणी.

कडेच्या टोकाशी बसून, एक डोळा मिटून रेषेत पाहिलं की वाक नीट कळतो. पलीकडचा भाग उजव्या हाताला सरकलेला दिसतो. रस्ता ओलांडून पलीकडून पाहिलं, तर आता अलीकडचा भागही उजवीकडेच गेलेला! कोणत्याही बाजूला उभे राहा, समोरची बाजू उजवीकडे जाणार. कॅलव्हेरस, हेवर्ड आणि त्यांचा थोरला भाऊबंद सॅन अँड्रिअस, तिघांचीही चाल हीच.

पॅसिफिक भूपट्ट उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाला घासत वायव्येकडे चालला आहे, वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर. समुद्रतळावर जिथे दोन भूपट्ट दूर जातात तिथे लाव्हा वर येऊन नवी जमीन तयार होते. जिथे ते समोरासमोर येतात तिथे एक दुसऱ्याखाली जातो किंवा हिमालयासारखा डोंगर उठतो. कॅलिफोर्नियात मात्र जमीन घडतही नाही आणि गिळलीही जात नाही, नुसती शेजारून जाते. एवढी लांब भेग संपते तरी कुठे, हे कोडं जुनं होतं. कॅनडाचे भूभौतिकतज्ज्ञ जे. तुझो विल्सन यांनी १९६५ साली त्याचं उत्तर दिलं: अशी भेग हवेत विरत नाही, ती दुसऱ्या प्रकारच्या सीमेला जाऊन मिळते आणि आपली हालचाल तिच्या हवाली करते. सॅन अँड्रिअस दक्षिणेला कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या फाकणाऱ्या समुद्रतळाशी जोडलेला आहे. उत्तरेला मेंडोसिनोच्या भूशिराजवळ त्याचं टोक आहे, आणि तिथून पुढे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाऊ लागतो. या दोन टोकांमध्ये सुमारे १,२०० किलोमीटरची ही ट्रान्सफॉर्म सीमा पसरली आहे.

इथवर शाळेच्या भूगोलात येतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हॉलिस्टरची वाकडी कड पाहून पुष्कळ जण घाबरतात. खरं तर ती जमीन आपलं काम रोजच्या रोज उरकते आहे. हॉलिस्टरच्या दक्षिणेला एका वायनरीची इमारत थेट सॅन अँड्रिअसवर बांधलेली होती. तिच्या भिंती आणि फरशी वर्षाला सुमारे सेंटिमीटरभर सरकत आहेत हे १९५६ साली लक्षात आलं, तेव्हा भूकंपाशिवायही भ्रंश सरकतो हे प्रथमच स्पष्ट झालं. इमारतीबाहेरचं काँक्रीटचं गटार आज दोन तुकड्यांत शेजारी शेजारी पडलेलं आहे. पुढे पार्कफील्डजवळ सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडून या सरकत्या पट्ट्यातला खडक वर काढला, तेव्हा त्यात सॅपोनाइट नावाची गुळगुळीत, कमजोर चिकणमाती सापडली. अशा मातीला ताण धरून ठेवता येत नाही, म्हणून तो पट्टा सरकत राहतो.

भीती बाळगायची ती जिथे कड सरळ आहे तिथली. कॅरिझोच्या ओसाड माळावर वॉलेस क्रीक नावाचा एक कोरडा ओढा आहे. डोंगरातून उतरतो, सॅन अँड्रिअस भ्रंशापाशी येताच काटकोनात वळतो, १३० मीटर भ्रंशाच्या कडेने चालतो आणि मग पुन्हा आपल्या वाटेला लागतो. केरी सीह आणि रिचर्ड जान्स यांनी १९८४ साली त्याच्या गाळाचं वय काढून दाखवलं की या १३० मीटरला सुमारे ३,७०० वर्षं लागली. म्हणजे वर्षाला ३४ मिलिमीटर. पण या ठिकाणी जमीन रोज सरकत नाही. फरशीवरून जड कपाट ढकलताना ते आधी हलतच नाही, जोर वाढत जातो, आणि मग एकदम हिसका देऊन पुढे येतं, तसं इथे होतं. शेवटचा मोठा हिसका ९ जानेवारी १८५७ चा. त्यानंतर तिथे काहीच हललेलं नाही. ३४ मिलिमीटरला तेव्हापासून उलटलेल्या वर्षांनी गुणलं तर साडेपाच मीटरांहून अधिक सरकणं बाकी आहे. ही बाकी खडकाच्या वाकण्यात साठते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड यांनी आधीच्या आणि नंतरच्या मोजण्या शेजारी ठेवून हेच सिद्ध केलं: जमीन आधी लांबवर हळूहळू वाकते, मग भ्रंशावर तुटून सरळ होते.

हेवर्ड भ्रंश या दोन्हींच्या मधला, आणि म्हणूनच सर्वांत अवघड. तो बर्कली, ओकलंड, हेवर्ड, फ्रीमाँट अशा भरवस्तीतून जातो. फ्रीमाँटमध्ये मराठी घरं भरपूर, त्यातली कित्येक या रेषेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. इथे जमीन सरकतेही आणि अडतेही. हेवर्ड शहरात पृष्ठभागावर सरकण्याचा वेग वर्षाला सुमारे ५ मिलिमीटर, खोलवरचा वेग ९ च्या आसपास. उरलेलं कुठे जातं, याचा हिशेब ठेवणं हेच इथलं काम.

ते काम मी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं आहे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीची मंडळी १९७९ पासून ते करत आली आहेत. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना मिळून तीन पक्क्या खुणा असतात. एका खुणेवर तिपाई लावून थिओडोलाइट चढवायचा आणि उरलेल्या दोन खुणांमधला कोन मोजायचा. ऐकायला सोपं आहे, पण उपकरण खुणेच्या नेमकं डोक्यावर आणण्यातच बराच वेळ जातो. तिपाईचा एक पाय किंचित खाली, मग दुसरा, मग पुन्हा पाणसळीचा बुडबुडा पाहायचा. मोजायचं असतं मिलिमीटरभर, त्यामुळे एकदा वाचून कुणी विश्वास ठेवत नाही. तोच कोन पुन्हा पुन्हा वाचतात. शेजारून गाड्या जात असतात, कुत्र्याला फिरवायला निघालेली माणसं थांबून विचारतात. काही महिन्यांनी त्याच खुणांवर पुन्हा तेच. अशा चिकाटीच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण एका मोजणीला काहीच अर्थ नसतो आणि दशकांच्या मोजण्यांना फार मोठा असतो.

मागचा काळ वाचायचा तर चर खणावा लागतो. फ्रीमाँटच्या बार्ट रेल्वेच्या स्टेशनाशेजारी एक तळं आहे. भ्रंशाच्या रेषेत थोडा फाटा पडल्यामुळे तिथली जमीन खचून ते झालं. त्याच्या गाळात चर घेऊन भूशास्त्रज्ञांनी थर तपासले: कुठला थर तुटलेला, कुठला त्यावर अखंड पसरलेला. तुटलेल्या आणि अखंड थराच्या मध्ये एक भूकंप. गेल्या सुमारे १,९०० वर्षांत असे १२ भूकंप तिथे मिळाले. त्यातला शेवटचा, २१ ऑक्टोबर १८६८ चा, अंदाजे ६.८ तीव्रतेचा. सरासरी अंतर दीडशे वर्षांच्या आसपास पडतं आणि तेवढी वर्षं उलटून गेली आहेत. सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे, हे पार्कफील्डने शिकवलं. तिथे १९९३ पर्यंत भूकंप होईल असा अंदाज वर्तवला होता. तो आला २००४ साली.

आपल्या भारतीय भूपट्टाच्या पूर्वेला, म्यानमारमध्ये, याच जातीचा सागाइंग भ्रंश आहे. टिळकांना १९०८ ते १९१४ ज्या मंडालेत ठेवलं होतं, त्या शहराच्या पश्चिमेने तो जातो. त्याचा मंडालेजवळचा तुकडा १८३९ पासून मोठ्या भूकंपात तुटलेला नव्हता. २८ मार्च २०२५ रोजी तो तुटला, ७.७ तीव्रतेने. एका सीसीटीव्ही कॅमेऱ्याने फाटकापलीकडची जमीन सरळ बाजूला निघून जाताना टिपली. क्योटोच्या संशोधकांनी त्या चित्रणावरून मोजलं: अडीच मीटर, आणि वेळ फक्त १.३ सेकंद.

म्हणून फ्रीमाँट-हेवर्डकडे घर घेणाऱ्या ओळखीच्यांना मी दोन गोष्टी विचारते. १९७२ च्या कायद्याने आखलेल्या भ्रंशपट्ट्यात घर असेल तर विकणाऱ्याने तसं लेखी सांगणं बंधनकारक आहे. तो कागद वाचलात का? आणि घर जुनं लाकडी असेल तर त्याचा सांगाडा पायाला बोल्टने जखडलेला आहे का? पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण हो म्हणतात. दुसऱ्यासाठी विजेरी घेऊन घराखालच्या बुटक्या पोकळीत रांगत जावं लागतं. ते काम घर पाहायला जाल त्याच दिवशी करून घ्यावं.