रस्त्यावरील श्वानमल : निदानपरिवर्जन कोणी करावयाचे?

२०१६ साली केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात मैदानी जिल्ह्यांच्या गटात सिंधुदुर्ग देशात पहिला आला. डोंगर, घाट आणि सडे यांनी भरलेला आपला जिल्हा मैदानी गटात कसा बसला, हे सर्वेक्षण करणारेच जाणोत. परंतु मान मोठा होता आणि तो कष्टाने मिळविलेला होता. राज्यातील पहिला हागणदारीमुक्त जिल्हा म्हणूनही त्याच सुमारास आपले नाव झाले. वाडीवाडीवर शौचालये उभी राहिली, पहाटेच्या पाणंदी मोकळ्या झाल्या. आज त्याच पाणंदीवर आणि कुडाळसारख्या गावात तर थेट वसाहतींच्या रस्त्यावर, पहाटे दुसरेच दृश्य दिसते. साखळीच्या एका टोकाला कुत्रा, दुसऱ्या टोकाला सुशिक्षित मालक आणि मालकाची नजर मात्र आकाशाकडे. कुत्र्याचा कार्यभाग उरकला की दोघेही पुढे निघतात. मागे राहते ते शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पायाखाली.

कोकणात कुत्रा नवा नाही. खळ्यावर बसणारा, माकडांना माडांपासून आणि काजूच्या बागेपासून हाकणारा राखणीचा कुत्रा घराचाच एक माणूस असे. त्याला फिरवावयास नेण्याची पद्धत नव्हती. तो आपणहून परसाच्या पलीकडे, कुंपणाबाहेरच्या रानात जाऊन येई. वस्ती विरळ होती, रान मोठे होते, म्हणून कोणाच्या ध्यानात काही आले नाही. आता कुडाळला ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, रेल्वे स्थानक व महामार्गाच्या आसपास सदनिकांच्या इमारती उठल्या, रान मागे हटले. कुत्रे मात्र वाढले आणि त्यांच्या जातीही बदलल्या. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि दिवसातून दोन वेळा खाली आणला जातो. ‘‘आमचो कुत्रो घरात कधी घाण करणा नाय,’’ असे मालक कौतुकाने सांगतात. घरात नाही, म्हणजे कोठे, हा प्रश्न विचारण्याइतका संकोच सोडणारा शेजारी आपल्याकडे विरळा.

भटक्या कुत्र्यांविषयी देशभर पुष्कळ बोलले जाते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे तो विषय घरोघरी पोहोचला आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमण्याचे बंधनही आले. या गदारोळात पाळीव कुत्र्याचा मालक अलगद सुटला. वास्तविक भटक्या कुत्र्याला जाब विचारता येत नाही, मालकाला येतो. म्हणून प्रस्तुत लेखाचा रोख मालकावर आहे.

वैद्यकाच्या त्रैमासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. चरकाचार्यांनी सद्वृत्तात मार्गावर व लोकांच्या समक्ष मलमूत्रविसर्जन निषिद्ध मानले आहे. जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात वायू, उदक, देश आणि काल यांच्या विकृतीने एकाच वेळी अनेक प्रकृतींची माणसे आजारी पडतात असे सांगून, तिचे मूळ ते अधर्मापाशी व अखेर प्रज्ञापराधापाशी नेतात. कुत्र्याला प्रज्ञा नाही, म्हणून प्रज्ञापराधही नाही. साखळी ज्याच्या हाती आहे, त्याचा तो अपराध होय.

आता कृमींकडे वळू. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा टॉक्सोकॅरा कॅनिस हा गोल कृमी येथे मुख्य मानावा लागेल. पिल्लाला तो बहुधा आईच्या गर्भाशयातूनच मिळतो, दुधातूनही मिळतो; म्हणून लहान, गोजिरवाणे पिल्लू हेच त्याचे सर्वांत मोठे कोठार असते. एक मादी कृमी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालू शकते. व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की ही अंडी मळाबरोबर बाहेर पडताना संसर्गक्षम नसतात. मातीत, ओलाव्यात आणि उबेत दोन ते चार आठवडे राहिल्यावर त्यांच्यात अळी तयार होते, आणि मग ती महिनोन्‌महिने, अनुकूल जागी वर्षानुवर्षे टिकतात. याचा अर्थ, त्याच दिवशी मळ उचलला तर या कृमीपुरता प्रश्न तेथेच संपतो. न उचलला तर पहिल्या पावसात मळाचा आकार नाहीसा होतो, रस्ता स्वच्छ दिसू लागतो, आणि अंडी मात्र अंगणाच्या, मैदानाच्या मातीत पसरलेली असतात. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आपल्या भागात सावलीतील माती फार काळ कोरडी राहत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

मुलाच्या पोटात गेलेल्या अंड्यातील अळी आतडे भेदून यकृत, फुप्फुस, क्वचित नेत्र किंवा मेंदूपर्यंत हिंडते. मनुष्यशरीरात ती प्रौढ होत नाही. त्यामुळे मलपरीक्षणात काहीही सापडत नाही, आणि येथेच आपली फसगत होण्याचा संभव आहे. रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या, अधूनमधून ज्वर, कास, श्वासाची घरघर, यकृतवृद्धी, आणि मलपरीक्षण मात्र स्वच्छ, असे बालक समोर आले तर घरात वा शेजारी पिल्लू आहे काय आणि मूल माती खाते काय, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. मृद्भक्षणजन्य पांडूत कृमिकोष्ठता येते हे आपण विद्यार्थीदशेत पाठ केलेले असते. ती माती कोणत्या जागेची, हे विचारावयाचे राहून जाते. एका डोळ्याची दृष्टी मंद झाली, तिरळेपणा नव्याने दिसू लागला किंवा बुबुळाच्या मध्यात पांढरी झाक दिसली, तर एक दिवसही न दवडता नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. दृष्टिपटलावर एकदा व्रणवस्तू झाली की गेलेली दृष्टी परत येत नाही.

काही व्यासंगी मित्र या हिंडणाऱ्या अळीला संहितेतील रक्तज कृमी म्हणू पाहतात, कारण तेही सूक्ष्म, अदृश्य आणि रक्तवाहिन्यांत राहणारे सांगितले आहेत. तुलना आकर्षक आहे, पण रक्तज कृमींची लक्षणे कुष्ठासमान वर्णिलेली आहेत, हे विसरून चालणार नाही. नावाला नाव जुळविण्याची घाई न करता चिकित्सासूत्र पाहणे अधिक फलदायी ठरेल. अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन या त्रयीपैकी विडंग, पलाशबीज, कृमिकुठार यांच्या बळावर आपण पहिली दोन अंगे सांभाळतो. तिसरे रस्त्यावर पडलेले असते.

इतर रोगांचा उल्लेख थोडक्यात करतो. कुत्र्याच्या अंकुशकृमीच्या अळ्या उबदार, ओलसर वाळूत आठवड्याभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरून वेडीवाकडी, तीव्र कंडू असलेली, रोज पुढे सरकणारी रेघ उमटवितात. किनारपट्टीवर व्यवसाय करणाऱ्यांनी ती रेघ दद्रू समजून लेप देत बसू नये. जलार्बुद निर्माण करणाऱ्या एकिनोकॉकस या फीतकृमीची अंडी तर मळाबरोबर पडताक्षणीच संसर्गक्षम असतात; शेळ्यामेंढ्यांची कच्ची आतडी-काळीज कुत्र्याला टाकण्याची सवय त्याच्या मुळाशी आहे. लेप्टोचा मुख्य वाहक उंदीर असला तरी कुत्र्याच्या मूत्रातूनही तो पसरतो. रेबीजचा संबंध लाळेशी व दंशाशी आहे, मळाशी नाही. ही गोष्ट रुग्णांना स्पष्ट सांगावी, नाही तर स्वच्छतेची चर्चा भीतीच्या आहारी जाते.

‘‘शेणाने सारवलेले खळे तुम्हांला चालते, मग कुत्र्याचेच वावडे का?’’ हा आक्षेप मालकांकडून हटकून येतो. गाय तृणभक्षी, कुत्रा मांसभक्षी. दोघांच्या मळाचे घटक व त्यांतील कृमी भिन्न आहेत. चिकित्सेसाठी सांगितलेल्या आठ मूत्रांत मेंढी, शेळी, गाय, म्हैस, हत्ती, उंट, घोडा व गाढव येतात. कुत्र्याला त्यात स्थान नाही. गाईचे शेण निर्जंतुक असते असेही कोणी समजू नये, पण हा आक्षेप घेणाऱ्याला शेण आणि श्वानमल यांतील भेद माहीत असतो. नसता, तर तो स्वतःच्या अंगणात कुत्र्याला बसू देता.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती मला सर्वांत चिंतेची वाटते. सुश्रुताचार्यांनी औषधीग्रहणासाठी भूमिपरीक्षा सांगताना स्मशान, वधस्थान, वारुळे अशा जागा वर्ज्य केल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या औषधी वनस्पतींच्या लागवड व संकलनविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही रस्त्याच्या कडा, गटारे व कचऱ्याच्या जागा टाळाव्यात आणि जनावरांच्या विष्ठेपासून होणारे दूषण लक्षात घ्यावे असे म्हटले आहे. आपल्याकडे पुनर्नवा, भुईआवळी, आघाडा, माका, टाकळा या वनस्पती मृगाच्या पावसानंतर उगवतात कोठे? बहुतांशी रस्त्याच्या कडेला, मोकळ्या भूखंडावर, म्हणजे नेमक्या त्या जागी जेथे पहाटे साखळ्या सैल सुटतात. टाकळ्याची भाजी तर आपण आवडीने खातो, आणि चतुर्थीच्या दूर्वाही तेथूनच खुडतो. भाजी शिजते, क्वाथ उकळतो, त्यांत अंड्यांचा निभाव लागत नाही. कडकडीत वाळवण्यानेही त्यांचा नाश होतो. परंतु ताज्या वनस्पतीचा स्वरस आणि कल्क यांना अग्निसंस्कार नाही, आणि घाईने अर्धवट वाळविलेल्या द्रव्याच्या चूर्णाची स्थिती फारशी वेगळी नाही. आयुर्वेदीय औषधिकोशाने सूक्ष्मजीवांच्या मर्यादा घालून दिल्या आहेत आणि शेड्यूल ‘टी’ने कच्च्या मालाची जबाबदारी निर्मात्यावर टाकली आहे. मात्र जिवाणूंची चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे कृमींची अंडी नाहीत असे सिद्ध होत नाही. पुरवठादार कोणत्या जागेवरून माल आणतो हे प्रत्यक्ष पाहून यावे, आणि खळ्यावर वाळत घातलेल्या द्रव्यापाशी कुत्रे फिरकणार नाही अशी व्यवस्था करावी. आमसुले वाळत घालणाऱ्या बायका राखणीला पोर बसवितात. आपल्या औषधांची राखण त्याहून ढिली का असावी?

कायद्याचा आधार दुबळा आहे. सार्वजनिक उपद्रवासाठी भारतीय दंड संहितेत २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ ने तो १,००० रुपयांपर्यंत नेला. मुंबई महानगरपालिकेने २००६ च्या स्वच्छताविषयक उपविधींत पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्यास ५०० रुपये दंड ठेवला. न्यूयॉर्कने १९७८ साली मालकावरच उचलण्याची सक्ती केली आणि तेथील रस्ते पालटले. पॅरिसने उलट मार्ग धरला होता. मळ शोषून घेणाऱ्या मोटारसायकली १९८२ पासून नगरपालिकेच्या खर्चाने फिरविल्या. खर्च फार, उचल थोडी, म्हणून २००४ च्या सुमारास त्या बंद झाल्या आणि दंडाचा मार्ग स्वीकारावा लागला. नगरपंचायतीच्या सफाई कामगारावर हे ओझे टाकू पाहणाऱ्यांनी पॅरिसचा अनुभव ध्यानी घ्यावा.

लहान गावात दंडाची पावती फाडणे कठीण, कारण मालक ओळखीचा असतो; अनेकदा तो आपला रुग्णही असतो. त्याला रस्त्यात टोकले तर तो उद्यापासून दुसऱ्या दवाखान्यात जाईल, ही भीती खोटी नाही. परंतु चिकित्सालयात, त्याच्या नातवंडाची नाडी हाती असताना तीच गोष्ट कृमींच्या भाषेत सांगितली, तर तो ऐकतो, असा अनेकांचा अनुभव आहे. पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावयास सांगावे. माणसांसाठीचे कृमिघ्न कल्प अंदाजाने कुत्र्याला देऊ नयेत. रस्त्यावर टाकलेल्या मळातून पसरणारा पार्व्होचा विषाणू त्याच्याच कुत्र्याच्या जिवावर उठू शकतो, हा मुद्दा काही मालकांना नातवंडापेक्षाही लवकर पटतो.

उचललेल्या मळाचे काय करावे, हेही सांगावे लागते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कुंपणाला अडकविणे किंवा व्हाळात भिरकावणे म्हणजे घाणीला आयुष्य देणे होय. कुडाळचा व्हाळ अखेर भंगसाळ नदीलाच मिळतो. जुने वर्तमानपत्र व लहान खुरपे बरोबर ठेवावे, मळ घरी आणून संडासात टाकावा. संडासात टाकणे शक्य नसल्यास परसात हातभर खोल खड्डा करून पुरावा. हा खड्डा विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा, कारण जांभ्यातून पाणी झिरपते. तुळशीच्या, अळवाच्या किंवा भाजीच्या वाफ्यात त्याचे खत घालू नये.